नवव्या मजल्यावरचं पिवळं

१

बिश्केकमध्ये हिवाळ्यात आकाशाचा रंग कोणता असतो, हे निदान जिबेकला तरी विचारू नये. त्या रंगाबद्दल खोटं बोलण्यावरच तिचं पोट होतं. खिडकीबाहेर घरोघरच्या कोळशाचा धूर साचून भरदुपारी गाड्यांचे दिवे लागलेले असायचे, आणि तिच्या पडद्यावर तेच शहर निळ्याभोर आकाशाखाली, मागे घासूनपुसून ठेवलेले डोंगर आणि पुढे अजून न बांधलेली एखादी इमारत.

न बांधलेल्या घरांची चित्रं करायची, हे त्या कचेरीचं काम. संगणकात खोली उभी करायची, तिला भिंती, खिडक्या, दिवे द्यायचे, ओट्यावर फळांची परडी ठेवायची आणि रेंडर लावायचा. मग यंत्र घूंघूं करत उजेडाचा हिशेब मांडत बसे. पडद्यावर आधी नुसती वाळू उडाल्यासारखं दिसे आणि हळूहळू त्या वाळूतून खोली निवळत येई. शेवटचा हात जिबेकचा असायचा. चित्रात एके ठिकाणी टिचकी मारून ती यंत्राला सांगायची, हे पांढरं. एवढं सांगितलं की बाकीचे सगळे रंग मुकाट्याने सरकून आपापल्या जागी बसायचे. याला ती मंडळी व्हाइट बॅलन्स म्हणतात. काम दिसायला टिचकीचं, पण कशाला पांढरं म्हणायचं ते नेमकं कळावं लागतं, आणि जिबेकला ते कळायचं.

"बाकीचे भिंती रंगवतात, आमची जिबेक भिंती धुते," असं तिचे साहेब एर्मेक गिऱ्हाइकांना सांगायचे. कचेरीत सगळे त्यांना बायके, म्हणजे दादा, म्हणायचे. तिला त्याचा अभिमान होता. असायलाही हरकत नव्हती.

त्या दिवशी नवव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर निवळत होतं. पांढऱ्या भिंती, पांढरा ओटा, खिडकीतून सकाळचं ऊन. उद्या हे चित्र मोठ्या फलकावर चढून जागेच्या कुंपणाला लागायचं होतं. सगळं मनासारखं झालं होतं. फक्त फ्रिजशेजारच्या भिंतीवर, खाली, गुडघ्याच्या उंचीला, पिवळं पडलं होतं.

जिबेकने चष्मा पुसला. डाग म्हणावा असं ते नव्हतं. कडा नव्हत्या त्याला. कुठूनतरी उजेड यावा तसं ते भिंतीवर पसरलं होतं.

"दिवा राहिला असेल कुठलातरी," ती स्वतःशीच म्हणाली आणि रंग सुधारायला बसली. पांढरं पुन्हा ठरवलं. सगळी खोली किंचित निळसर झाली आणि मग स्थिरावली. पिवळं होतं तिथंच होतं.

२

चूक कुठं झाली ते तिला लवकरच सापडलं, किंवा सापडलं असं तिने स्वतःला सांगितलं.

खोटी इमारत खऱ्या जागी बसवायची तर त्या जागेचा फोटो लागतो आणि त्या फोटोतलंच काहीतरी पांढरं म्हणून धरावं लागतं, म्हणजे दोन्हीकडचा उजेड जुळतो. या खेपेला तिने एका बुटक्या घराची चुन्याची भिंत धरली होती. त्या चुन्यात नीळ होती. निळीने चुना डोळ्यांना जास्त पांढरा दिसतो, पण यंत्राला तो निळाच. त्याला पांढरा ठरवलं की बाकी सगळं पिवळ्याकडे झुकणार. धंद्यातल्या कुठल्याही माणसाला कळेल अशी गोष्ट.

चुन्यात नीळ होती हे मात्र धंद्यातल्या माणसाला कळण्यासारखं नव्हतं. जिबेकला ते ठाऊक होतं, कारण दर वसंतात ती भिंत तिनेच पोतारली होती. निळीची पुरचुंडी बादलीत घोळवायचं काम लहानपणापासून तिचं. मावशी कुंचला मारायची आणि म्हणायची, "अजून एकदा बुडव, कुलुनूम. अजून एकदा." कुलुन म्हणजे शिंगरू. आई गेल्यावर मावशीने तिला पदराखाली घेतलं, तेव्हापासून तेच तिचं नाव होतं, आणि मावशी तिची तायेजे.

कचेरीत हे कुणालाच माहीत नव्हतं. ती मध्यवस्तीतल्या फ्लॅटमध्ये वाढली, असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. एकदा सांगितलं म्हणून पुन्हा सांगावं लागलं. पुढे मावशीच्या गल्लीतलीच जागा इमारतीसाठी कचेरीकडे आली, आणि "ती कडेच्या घरातली म्हातारी घर विकायला सही करत नाही, पालीसारखी भिंतीला चिकटलीय," असं एर्मेक म्हणाले, तेव्हा सगळे हसले. जिबेकही हसली.

फोटो काढायला तिघं गेली होती. एर्मेक, कॅमेरा घेऊन तिलेक, आणि ती. शारिपा मावशी बाजाराला गेलेली असू दे, असं घोकतच ती गाडीतून उतरली. पण मावशी घरी होती. तिलेकने कॅमेरा लावला तोच फाटक वाजलं आणि पांढरा रुमाल बांधलेली मावशी हातात नान घेऊन बर्फातून लगबगीने येऊ लागली.

"कुलुनूम! अगं, दारावरून तशीच चाललीस? घे, घासभर तोंडात घाल."

तिथल्या लोकांत दारातला नान नाकारत नाहीत. घाईत असलात तर तुकडा मोडून तोंडात टाकायचा आणि पळायचं, पण टाकायचा. भांडण झालं तरी नान मोडतात.

एर्मेकनी वळून पाहिलं. "ओळखीची आहे का गं तुझ्या?"

जिबेकने पिशवीची चेन उघडली, पुन्हा लावली. "नाही, बायके. इथल्याच असतील कुणी."

मावशी चार पावलांवर होती. तिने ऐकलं. जिबेकला वाटलं, आता ही हाक मारील, चिडेल, सगळं उघडं पाडील. तसं काहीच झालं नाही. मावशी क्षणभर थांबली, नान छातीशी धरला आणि अगदी नीट, परक्या बाईशी बोलावं तशी बोलली, "माफ करा हं, बाई. डोळ्यांनी कमी दिसतं आताशा. आमचीच पोर वाटली."

तिला सांभाळून घेतलं म्हातारीने. जिबेकला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी ती गाडीत जाऊन बसली. नान तिने मोडला नाही.

३

म्हणून आता भिंत सोडून तिने फोटोतलं बर्फ पांढरं म्हणून धरलं. बर्फ काजळलेलं होतं, पण त्यात नीळ तरी नव्हती. खोली पुन्हा वाळूतून निवळू लागली.

पिवळं अजून होतं. आधीपेक्षा ठळक होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि खोलीतले दिवे एकेक करून मालवले. छतातले, ओट्यावरचे, कपाटाच्या आतले. मग आकाश बंद केलं. शेवटी सूर्य. हे घरात करता येत नाही, यंत्रात येतं. सूर्य मालवल्यावर चित्र पार काळं व्हायला हवं. उजेडच नाही तर यंत्र मोजणार काय?

चित्र काळं झालं. त्या काळोखात खाली, गुडघ्याच्या उंचीला, पिवळं मंद तेवत राहिलं.

तिने भिंतच काढून टाकली. आता तिथं काहीही नव्हतं, उजेड पडायला जागाच नव्हती. पिवळं तसंच होतं. आणि ते एकसारखं नव्हतं, मधूनमधून हलकंच वरखाली होत होतं. पण रेंडर हलत नाही. तो एका क्षणाचा असतो.

"वाळूमुळे वाटतंय," ती पुटपुटली. अर्धवट रेंडरमध्ये कण हलतात. डोळे त्यात काहीही बघतात. ढगात घोडा दिसतो तसंच ते.

एवढं स्वतःला समजावूनही तिने कानातले हेडफोन काढले. त्यात गाणं चालू नव्हतं, पण मघापासून त्यात काहीतरी खरखरत होतं. काढल्यावर ते थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. भिंतीच्या आतून यावं तसं, लोखंडावर लोखंड घासत, थांबत थांबत. खर्र. खर्र. चुलीतली राख ओढताना होतो तसा तो आवाज होता.

"पाइप," पलीकडून तिलेक म्हणाला.

"काय?"

"गरम पाण्याचे पाइप गं. भुताने झपाटल्यासारखी काय बघतेयस? दर हिवाळ्यात वाजतात." तो खुर्ची सरकवत आला. मोठ्या पडद्यावर जागेचा फोटो उघडा होता. "आणि आजीबाईंना कुठे पाठवलंस? फाटकात उभ्या होत्या की. चांगल्या नानबिन घेऊन."

"पुसल्या," जिबेक म्हणाली.

"घरासकट?"

"घरासकट."

"वा. साहेबांना वर्षभर जमलं नाही ते तू बसल्या जागी केलंस." तो हसत हसत गेला. त्याच्या मनात काही नव्हतं, तो असाच बोलायचा.

जिबेकची कानशिलं तापली. पुसताना तिने मावशीकडे बघितलंच नव्हतं. डोळे बारीक करून शेजारचं बर्फ उचललं होतं आणि तिच्यावर फासत गेली होती, पायापासून वर. पांढरा रुमाल सगळ्यात शेवटी राहिला होता. बर्फात बर्फ मिसळेल असं वाटलं होतं, पण त्या रुमालाशेजारी बर्फ मळकं दिसत होतं.

आणि ती चूल. मावशीच्या घरात भिंतीतच विटांची चूल होती, लोखंडी झडपेची. झडप उघडी असली की समोरच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पिवळं पडायचं. त्या पिवळ्यात बसून जिबेक अभ्यास करायची.

"घर जमिनीवर आहे. ही खोली नवव्या मजल्यावर आहे. आणि नववा मजला अजून कुठंच नाही," तिने स्वतःला बजावलं. हे सगळं खरं होतं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीने धीर आला नाही.

४

"झालं का गं?" एर्मेक दाराशी आले. "छापखान्यातून फोन आलाय."

"पाच मिनिटं, बायके."

तिने भिंत, दिवे, सूर्य, सगळं जागच्या जागी ठेवलं. एक गोष्ट तिने आतापर्यंत मुद्दाम टाळली होती, ती आता करायला हवी होती. पडद्यावरच्या बाणाचं टोक चित्रात कुठंही ठेवलं की त्या ठिकाणी लाल, हिरवा, निळा किती आहे ते यंत्र आकड्यांत सांगतं. तिन्ही सारखे आले तर ते खरं बिनरंगाचं. डोळा फसतो, आकडे फसत नाहीत.

तिने टोक पांढऱ्या भिंतीवर ठेवलं. निळा जास्त. ओट्यावर ठेवलं. निळा जास्त. जिकडे जावं तिकडे निळा जास्त. तिची धुतलेली सगळी खोली निळीत बुडवून काढलेली होती.

मग तिने टोक खाली नेलं, त्या पिवळ्यावर. तिन्ही आकडे सारखे आले.

म्हणजे चित्रात खरं तेवढंच होतं. खोटं सगळीकडे पसरलं होतं म्हणून ते पिवळं दिसत होतं. ती इतकी वर्षं याच कामात मुरलेली, आणि उलटं बघत होती.

आता तिथंच टिचकी मारायची आणि सांगायचं, हे पांढरं. नियमाने काहीच बदलायला नको होतं. आकडे आधीच सारखे होते. तरी तिचा हात उचलेना. पुढे काय दिसेल याची भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. परक्या घरात चोरून डोकावताना वाटावी तशी. पण ते घर परकं नव्हतं, आणि लाज खरी त्याचीच होती.

तिने टिचकी मारली.

पडदा वाळूने भरला. यंत्राची घूंघूं चढली आणि अचानक उतरली. वाळूतून खोली वर येऊ लागली, पण ओटा आला नाही, फ्रिज आला नाही. भिंत आली, कुंचल्याचे फराटे असलेली, वर धुराने काळवंडलेली. चुलीची झडप उघडी होती. समोर पाठमोरा एक पांढरा रुमाल वाकलेला होता, आणि एक सुरकुतलेला हात कुणालातरी काहीतरी मोडून देत होता. घेणारं कुणीतरी चुलीपाशी खाली बसलं होतं. त्याचीही पाठच होती. पाठीवर लांब वेणी होती.

जिबेकचा हात आपोआप मानेमागे गेला. तिने वेणी कापली होती, या नोकरीला लागताना.

वेणीवाली मान वळवू लागली.

"अरे वा!" एर्मेक मागून म्हणाले. "आता कसं! हे बघ, याला म्हणतात पांढरं. पाठव, पाठव."

जिबेकने दचकून वळून पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पांढरं स्वयंपाकघर, फळांची परडी, खिडकीत सकाळचं ऊन. भिंतीवर काही नव्हतं. कुठेही काही नव्हतं.

"बायके," ती म्हणाली, "ती कडेच्या घरातली बाई…"

"तिचं काय?"

जिबेकने चित्र पाठवून दिलं. "काही नाही. मी जरा बाहेर जाऊन येते."

५

बसमध्ये तिने वाक्यं जुळवली. तायेजे, माझं चुकलं. तायेजे, मला मार, पण आत घे. कचेरीत उद्या सगळ्यांसमोर सांगीन, कुंपणावर फलक लागायच्या आत सांगीन, नोकरी गेली तर जाऊ दे. हे सगळं ती खरोखर करणार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची थोडी खात्री वाटली, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिने ते पुसलंही नाही.

धुरात गल्ली बुडालेली होती. घर होतं. चुन्याची भिंत होती, धुराड्यातून धूर निघत होता. सगळं जागच्या जागी आहे हे पाहून तिच्या जिवात जीव आला. अंगणातल्या बर्फात पावलं उमटलेली होती. एक जोडी मावशीच्या जाड बुटांची, आणि एक शहरी बुटांची, मागच्या दाराकडे गेलेली. परत आलेली नव्हती. जिबेकने स्वतःच्या बुटांकडे बघायचं टाळलं आणि फाटक वाजवलं.

मावशी आली. पांढरा रुमाल, हातात नान.

"तायेजे…"

मावशीने डोळे बारीक केले. चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवाही नव्हता. "हां, हां. तुम्ही त्या दिवशी फोटो काढायला आलेल्या बाई ना? परत आलात का? थंडी फार आहे हो."

"तायेजे, मी जिबेक. माझं चुकलं. मी तुझी कुलुन."

थट्टा करणाऱ्याकडे बघून हसावं तशी मावशी हसली. "कुलुन आत आहे, बाई. तुमची गाडी गेली आणि मागच्या दारानं आली बघा. म्हणाली, तायेजे, भूक लागलीय. तेव्हापासून हलली नाही कुठं. मी म्हटलं, बरं झालं बाई, मला उगाच काहीबाही वाटायला लागलं होतं."

मावशीच्या मागे दार अर्धवट उघडं होतं. दाराला पडदा होता, आणि पडद्याच्या खालच्या फटीतून गुडघ्याच्या उंचीला पिवळा उजेड येत होता. आत कुणीतरी राख ओढत होतं. खर्र. खर्र. पडदा जरासा हलला. वेणीचं टोक दिसलं आणि पुन्हा आत गेलं.

जिबेकने फाटकाचा गज धरला.

मावशीने मागे वळून हाक दिली, "कुलुनूम! बाई आल्यात गं दारात. तुझं नाव सांगतायत. ओळखीच्या आहेत का तुझ्या?"

राख ओढण्याचा आवाज थांबला. मग एक चेन उघडल्याचा आवाज आला, आणि लावल्याचा.

"नाही, तायेजे," आतून जिबेकचाच आवाज म्हणाला. "इथल्याच असतील कुणी."

मावशीला तिची कीव आली असावी. तिने नान पुढे केला. त्याचा एक घास आधीच मोडलेला होता. "तशाच जाऊ नका. घासभर तोंडात घाला."

जिबेकने तुकडा मोडला आणि फाटकातच उभी राहून खाल्ला. नान गरम होता. "पुन्हा या हं, बाई," मावशी म्हणाली, आणि धूर आत येऊ नये म्हणून तिने दार लावून घेतलं.